दहा दिवसांची दाढी

त्या हिवाळ्यात आमची कंपनी काश्मीरमध्ये युद्धबंदी रेषेवरच्या एका ठाण्यावर होती. ठाणं म्हणजे डोंगराच्या कुशीत खणलेले पाच बंकर, लंगर म्हणजे स्वयंपाकाची एक खोपी आणि एक वायरलेस सेट. बर्फ पडलं की खाली बटालियनकडे जाणारी वाट बंद व्हायची. ती वसंतात उघडायची. मधल्या काळात बाहेरचं जग आमच्यापर्यंत यायचं ते फक्त त्या सेटमधून.

हे मी कॉलेजच्या वार्षिकासाठी लिहितो आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तोही फौज सोडून आल्यावर. वर्गातली मुलं माझ्याहून बरीच लहान आहेत. ती विचारतात, "तुम्ही किती शत्रू मारले?" मला ते माहीत नाही, असं सांगितलं की ती हिरमुसतात. सरांनी सुचवलं, की लढाईचं जमत नसेल तर जे आठवतं ते लिहा. मला जे आठवतं ते दाढीचं आहे. ते वार्षिकात शोभेल का, याची मला खात्री नाही.

फौजेत दाढी रोज करावी लागते. पहाटे स्टँड-टू असे. म्हणजे उजाडेपर्यंत सगळ्यांनी हत्यारासह मोर्चात उभं राहायचं. ते संपलं की चहा, आणि चहानंतर दाढी. आमचे सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे होते. ते फॉल-इनला, म्हणजे सकाळी सगळे रांगेत उभे राहिले की, प्रत्येकाच्या गालावर उलटा हात फिरवून बघत. खरखर लागली तर त्या माणसाला नाश्ता नाही. बर्फ वितळवून पाणी करायचं, त्यामुळे एका माणसाला एकच मग मिळे. त्यातलं अर्धं पाणी लंगरी चहाच्या भांड्यातून देत असे, म्हणून आमच्या साबणाच्या फेसाला चहाचा वास यायचा.

माझ्याकडे सेफ्टी होती, ब्लेड घालायचा रेझर. भरती झालो तेव्हा दादानं ती दिली होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, त्यानंतर दादानंच मला वाढवलं. तो लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. स्वतः तो दर रविवारी चाळीखालच्या जनूमामांच्या दुकानात वस्तऱ्यानं दाढी करून घ्यायचा. मला मात्र त्यानं वस्तरा घेऊ दिला नाही.

"वस्तऱ्याला दुसऱ्याचा हात लागतो," तो म्हणाला. "आणि तो हात स्वस्थ असायला लागतो. तुमच्या पलटणीत कोण स्वस्थ असणार? तू आपली सेफ्टी वापर."

ब्लेड बोथट झालं की काचेच्या ग्लासात आतल्या बाजूनं घासून त्याला धार आणायची, हे त्यानंच शिकवलं होतं.

माझ्या शेजारच्या बंकरमध्ये गणपत सावंत होता. मीही सावंत. फौजेत एका आडनावाची माणसं नंबराच्या शेवटच्या आकड्यांवरून ओळखतात, पण आम्हाला कुणी तसं हाकारलं नाही. मी लालबागचा, तो काळाचौकीचा. सुभेदारसाहेबांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवली, "लालबाग" आणि "काळाचौकी". पुढं लंगरीपासून खालच्या बटालियनच्या सिग्नलरपर्यंत सगळे आम्हाला त्याच नावांनी ओळखू लागले.

गणपतकडे वस्तरा होता. त्याच्या भावाचा, शिवरामचा. फौजेत निघताना शिवरामनं स्वतःचाच काढून दिला होता. गणपत तो कमरेच्या चामडी पट्ट्यावर खालीवर फिरवायचा, डाव्या अंगठ्यानं गाल ताणायचा आणि पातं जवळजवळ आडवं धरून एका दमात खाली आणायचा. आम्हा दोघांत एकच आरसा होता, तळहाताएवढा. तो पाइनच्या झाडाला खिळा मारून टांगलेला होता. रोज आमची त्याच्यापुढं ढकलाढकली चाले.

"अरे लालबाग," तो घरच्या मालवणीत म्हणायचा, "तुझा ता यंत्र केस कापता की गुदगुल्यो करता?"

"तू आपला गळा सांभाळ."

घरून लाडू आले की तो आधी हजर. "भावकी आसंव आपण. लाडवात माझो वाटो."

"कसली भावकी? तुझा गाव कुठं, माझा कुठं. सगळे सावंत एक म्हटलं तर अर्धं कोकण सुतकात बसेल."

"बसांदे," तो म्हणायचा आणि लाडू उचलायचा.

मुंबईत काय चाललं आहे ते आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळत होतं. मुंबई महाराष्ट्रात द्यायची नाही, असं ठरल्याची बातमी रेडिओवरून आली. मग मोर्चे, हरताळ, गोळीबार. शिपायानं राजकारण बोलायचं नसतं. आम्ही बोलत नव्हतो. पण बातम्यांच्या वेळेला मराठी जवान सेटच्या आसपास काहीतरी काम काढून थांबत. एकदा आमचे कॅप्टनसाहेब, ते बंगाली होते, मला म्हणाले, "युवर पीपल ऑल राइट?" मी म्हटलं, "येस सर." दादा मोर्चात जायचा, पण डोक्यात राख घालून घेणारा नव्हता. मला काळजी नव्हती असं नाही. पण ती आईची जास्त होती.

एके दिवशी दुपारी मी लाकडं फोडत होतो. गणपत सेटजवळच्या बंकरवर सेंट्री होता. सिग्नलरचा आवाज मला ऐकू येत होता.

"हॅलो थ्री. मेसेज फॉर सावंत. ओव्हर."

"कौनसा सावंत? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग खालून उत्तर आलं, "तार काळाचौकी से है. ब्रदर एक्सपायर्ड. गोली लगी. रास्ता बंद है, लीव अभी नहीं. व्हेरी सॉरी. ओव्हर."

गणपतनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानं जागा सोडली नाही. सुभेदारसाहेबांनी त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवला, तेव्हा तो खाली उतरला. रायफल भिंतीला टेकवली आणि बर्फावरच बसला. मी त्याच्याशेजारी बसलो. मी त्याची टोपी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी फॉल-इनला तो दाढी न करता उभा राहिला. कॅप्टनसाहेब त्याच्यासमोर थांबले. सुभेदारसाहेब पुढं होऊन म्हणाले, "सुतक है, साहब. हमारे में घर का आदमी जाता है तो दस दिन वस्तरा नहीं लगाते. दसवें दिन उतारते हैं."

साहेबांनी गणपतकडे पाहिलं. "टेन डेज," ते म्हणाले. "नॉट इलेव्हन."

गणपतनं सगळं पाळलं. खाली निजला, कुणाला शिवला नाही, एकदाच जेवला. ड्यूटी मात्र एकही चुकवली नाही. मी त्याचं ताट वेगळं आणून ठेवायचो आणि बाजूला बसायचो. माणसं अशा वेळी जे बोलतात तेच मीही बोललो. झालं ते झालं, आता तुलाच घर बघायचं आहे. तो शिवरामच्या गोष्टी सांगायचा. शिवरामनं त्याला खांद्यावर बसवून गणपती दाखवायला कसा नेला, विहिरीत ढकलून पोहायला कसा शिकवला. मग मी दादाच्या सांगायचो. दोघांच्या गोष्टी इतक्या सारख्या होत्या, की कुठली कुणाची हे कधी कधी कळेनासं व्हायचं. सकाळी आरसा सबंध माझा होता. सेफ्टीनं दाढी करताना मी रोज मनातल्या मनात दादाची खुशाली मागत असे.

त्यातच जोराचं बर्फ पडलं आणि सेट मुका झाला. सिग्नलर दिवसभर एरियल झाडत बसायचा.

ठाण्यावर न्हावी नव्हता. दहाव्या दिवशी दाढी आणि डोकं मी उतरवावं, असं गणपतनं आधीच मला सांगून ठेवलं होतं. सुतकातली दाढी आपल्या हातानं करायची नसते. मी म्हटलं, "माझ्या सेफ्टीनं करतो." तो म्हणाला, "नको. त्याच्याच वस्तऱ्यान कर."

दहाव्या दिवशी ऊन पडलं होतं. मी पट्ट्यावर वस्तरा फिरवत होतो. गणपत उलट्या खोक्यावर उघड्या डोक्यानं बसला होता. तेव्हा सिग्नलर धावत आला. सेट सुरू झाला होता. त्याच्या हातात मेसेजचा कागद होता आणि तो आधी गणपतकडे गेला, मग थांबला, मग माझ्याकडे बघू लागला.

बटालियननं गणपतच्या घरी दुखवट्याची तार केली होती. तिला उत्तर आलं होतं, ते खुद्द शिवरामचं. तो जिवंत होता. मग बटालियननं तपास केला, तर पहिली तार लालबागच्या सावंतांकडची निघाली. त्या दिवसांत लालबागचं पोस्ट बंद होतं, म्हणून आमच्या चाळीतला शेजारी चालत काळाचौकीला गेला आणि माझा नंबर ठाऊक नसल्यामुळं तिथून त्यानं नुसत्या सावंत नावावर तार केली. तारेवर ठिकाण पडलं ते काळाचौकी. आणि काळाचौकी म्हटलं की सगळ्या पलटणीत एकच माणूस होता.

मला वाटतं गणपतला माझ्याआधी समजलं. त्याच्या चेहऱ्यावर एकदम रक्त आलं, आणि लगेच त्यानं मान खाली घातली. भाऊ जिवंत असल्याचा आनंद करायचीही त्याला चोरी झाली.

मी उभाच होतो. हातात उघडा वस्तरा होता. मी त्या सकाळीही दाढी केली होती. गालावरून हात फिरवला तर गाल गुळगुळीत लागला. दादाला जाऊन इतके दिवस झाले होते आणि मी रोज दाढी करत होतो. त्याच्यासाठी कुणी काही पाळलं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुसरं काही आलं नाही.

गणपत म्हणाला, "कर."

"काय करू?"

"दाढी. दहावो दीस आसा ना?"

"तुझा भाऊ जिवंत आहे, गणपत."

"आसा. पण दादा गेलो. सावंत तो सावंत. माका सुतक लागलाच असता. पाळला ता फुकट नाय गेला." मग म्हणाला, "ही त्याचीच दाढी. उतर."

सुभेदारसाहेब जवळच उभे होते. त्यांनी त्यांच्या मगमधलं गरम पाणी गणपतच्या मगमध्ये ओतलं.

मी वस्तरा कधी कुणाला लावला नव्हता. वस्तऱ्याला स्वस्थ हात लागतो, हे मला तेव्हा आठवलं. ते सांगणारा दादाच होता. मी साबण लावला. गणपतनं डोळे मिटले आणि मान मागं टाकली. सगळा गळा माझ्यासमोर उघडा केला. त्याच्या गळ्याची घाटी एकदाही हलली नाही. मी गाल ताणला आणि पातं खाली आणलं. दहा दिवसांचे केस बर्फावर पडले. दोन ठिकाणी कापलं. तुरटी लावली तेव्हाही त्यानं हूं की चूं केलं नाही. मग त्यानं मला खोक्यावर बसवलं आणि त्याच वस्तऱ्यानं माझं डोकं केलं. त्याचा हात स्वस्थ होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं साबणासकट पुसलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागलं. पहिल्या खेचरांबरोबर मी रजेवर जायचं, असं ठरलं होतं. वाट मोकळी करायला जी पार्टी खाली गेली तिच्यात गणपत होता. निघताना म्हणाला, "वाट करतंय तुझ्यासाठी. लाडू आणल्याशिवाय येव नको." ती पार्टी उघड्यावर असताना पलीकडून फायर आलं. थोडा वेळच आलं. आम्ही जबाब दिला आणि ते थांबलं.

त्याला वर आणला तेव्हा मी सेटजवळ होतो. सिग्नलर रिपोर्ट देत होता.

"कॅज्युअल्टी वन. सावंत. ओव्हर."

खालून विचारलं, "कौनसा सावंत? ओव्हर."

सिग्नलरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातातून माईक घेतला. या वेळी चूक व्हायला नको होती.

"काळाचौकी," मी म्हटलं. त्याचा पूर्ण नंबर सांगितला.

"कन्फर्म करो. ओव्हर."

"कन्फर्म. लालबाग बोल रहा हूँ. ओव्हर."

खालून आलं, "रॉजर, लालबाग. आउट."

त्याला ठाण्याच्या खालच्या सपाटीवर पाइनच्या लाकडांत अग्नी दिला. मुंबई फार लांब होती. दुसऱ्या दिवशी मी फॉल-इनला दाढी न करता उभा राहिलो. कॅप्टनसाहेब समोर थांबले.

"व्हाय नो शेव्ह?"

"सुतक है, साहब."

"किसका?"

"भाई का, साहब."

माझ्या भावाचं सुतक हिवाळ्यातच झालं, हे त्यांना ठाऊक होतं. मी कुणाबद्दल बोलतो आहे तेही ठाऊक होतं. त्यांनी समोर डोंगराकडे पाहिलं.

"टेन डेज," ते म्हणाले. "नॉट इलेव्हन."

दहाव्या दिवशी सुभेदारसाहेबांनी गणपतच्या वस्तऱ्यानं माझी दाढी आणि डोकं उतरवलं. अकराव्या दिवशी मी पुन्हा आरशासमोर उभा राहिलो. ढकलायला कुणी नव्हतं.

रजा मिळाली तेव्हा मी लालबागला आलो. गिरणीचा भोंगा झाला होता आणि माणसं सुटत होती. चाळीचा जिना चढताना सगळे बाजूला होत होते. आई दारात बसली होती.

"इलंस रे झिला?"

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. केस अजून पुरते आले नव्हते. मग तिनं हळूच विचारलं, "दहा दीस पाळलंस मा रे? हयसर कायच धड झाला नाय. करफू व्हतो. भटजी येवक नाय, न्हावी येवक नाय. माझ्या झिलाचा सुतकसुद्धा कोणी धड पाळूक नाय."

"पाळले, आई," मी म्हटलं. "पुरे दहा. दहाव्या दिवशी वस्तऱ्यानं दाढी उतरली."

"कोणी उतरली?"

"मी उतरवली," मी म्हटलं. तिला ते नीट कळलं नसावं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकून बसली.

संध्याकाळी मी खाली जनूमामांच्या दुकानात गेलो. त्यांनी खुर्ची झटकली, पण मला तिच्यात बसवलं नाही. शेजारच्या बाकावर बसवलं.

"या खुर्चीत होता," ते म्हणाले. "उजवा गाल झाला होता. बाहेर धावपळ सुरू झाली म्हणून मी म्हटलं, दुकानाच्या फळ्या लावून घेतो. तर म्हणाला, मामा, तुमच्या हातात वस्तरा आहे, तुम्ही बसा. टॉवेल गळ्यात तसाच ठेवून उठला. दोन फळ्या लावल्या त्यानं. तिसरी लावायची होती."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"दवाखान्यातून आणला तेव्हा डाव्या गालावर साबण वाळून बसलेला होता. उरलेली मी वर घरी जाऊन केली, आवाज न करता. तुझ्या आईला वाटलं मी तोंड पुसतोय. मी उठायला पाहिजे होतं रे. दुकान माझं होतं."

"मामा," मी म्हटलं, "अर्धी ठेवली नाहीत, हे फार झालं."

दुसऱ्या दिवशी मी काळाचौकीला शिवरामकडे गेलो. गणपतचं सामान पलटणीनं पाठवलं होतं, पण वस्तरा सुभेदारसाहेबांनी माझ्या हाती दिला होता. शिवराम कामावरून येऊन आंघोळीला निघाला होता. तो गणपतसारखाच दिसायचा, फक्त रुंद. त्यानं वस्तरा उघडून पाहिला, मिटला आणि मांडीवर ठेवला.

"मी मेलंय म्हणान रडलो तो?"

"पहिल्या दिवशी नाही रडला. सेंट्रीवर होता. नंतर रोज रडायचा."

"जेवायचो?"

"एकदा. खाली निजायचा. तुमच्या गोष्टी सांगायचा. विहिरीत ढकललं होतंत म्हणून सांगायचा."

शिवराम हसला. मग त्याचं तोंड वाकडं झालं. "मेल्यार आपल्यासाठी कोण रडलो, ता कोणाक कळणा नाय," तो म्हणाला. "माका कळला." चूल धुमसत होती. त्याच्या बायकोनं आम्हा दोघांपुढं चहा ठेवला. तो तसाच निवला.

निघताना त्यानं वस्तरा मला परत देऊ केला. मी घेतला नाही. मी अजून सेफ्टीच वापरतो.

आता मुंबई महाराष्ट्राची झाली आहे. त्या दिवशी आमच्या चाळीत दिवे लावले. जनूमामांनी दुकानाच्या फळ्यांना तोरण बांधलं, तिसऱ्या फळीलाही. मी सकाळी कॉलेजला जातो आणि दुपारी बसनं परत येतो. परळ मागं पडलं की कंडक्टर पुढचा थांबा पुकारतो. घाईत तो दोन्ही नावं एका दमात म्हणतो, "लालबाग, काळाचौकी, चला पुढं या."

मी पुस्तकं काखेत घेऊन उठतो. दार येईपर्यंत शेजारी जरा जागा सोडून उभा राहतो. मग उतरतो.